वेसणीचे दोन सेल

रिसीव्हर कोणता घ्यावा, असं लोक मला अजूनही विचारतात. मॉडेल विमानं उडवायचा नाद असलेला एखादा माणूस भेटतो. कुणीतरी त्याला सांगतं, की हे गृहस्थ दुसरी मोठी लढाई संपली तेव्हा साताऱ्यात बिनतारी विमान उडवत होते. तो आधी माझ्याकडे संशयानं बघतो आणि मग हाच प्रश्न टाकतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्याला कमी ऐकू येतं तो घ्या. त्याला वाटतं, म्हाताऱ्यानं थट्टा केली. मी थट्टा करत नाही, आणि ते उत्तर माझंही नाही. माझ्या म्हणून खपलेल्या बऱ्याच गोष्टी माझ्या नाहीत.

उत्तर ज्याचं आहे तो लढाईत माझ्याबरोबर सिग्नलमध्ये, म्हणजे बिनतारी संदेशांच्या तुकडीत होता. मी साताऱ्याच्या पेठेतला, मॅट्रिक झालेला, चार वाक्यं इंग्रजी बोलणारा. तो पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातला धनगर. शाळा चार यत्ता, तीही मेंढरं ज्या गावाला बसतील त्या गावात, तुकड्यातुकड्यांनी. पलटणीत त्याला आधी बॅटऱ्या वाहायला ठेवलं होतं. वर्षभरात तो बिघडलेले सेट उघडून दुरुस्त करायला लागला, आणि मी हातात कागद घेऊन त्याच्या शेजारी बसायला लागलो. सेलच्या तारा जिभेला लावून तो सांगायचा, "ह्यो संध्याकाळपतोर टिकंल." सेल संध्याकाळपर्यंतच टिकायचा. वरिष्ठांकडे अहवाल मात्र मी लिहायचो, त्यामुळे शाबासकी माझ्याकडे यायची. सवय तिथंच लागली म्हणायची.

तो मला 'गड्या' म्हणायचा. त्याच्याकडे खेळात एका बाजूला असतात ते एकमेकांचे गडी. मीही त्याला तसंच म्हणायचो. पलटणीत ते फार गोड वाटायचं.

लढाई संपली, आम्हांला सोडलं. निघताना एका गोऱ्या साहेबानं मला मॉडेल विमानाचं मुठीएवढं इंजिन आणि जुन्या मासिकांचा गठ्ठा दिला. त्याच सुमाराला सांगलीहून माझ्या मामाचं पत्र आलं. तिथल्या एका कारखान्याच्या मालकांना रेडिओ, बॅटऱ्या, विजेची यंत्रं यांतलं कळणारा एक माणूस हवा होता. एकच. सर्टिफिकेटं त्यांना बघायची नव्हती. त्यांचं म्हणणं, काहीतरी करून दाखवा. मामानं हे माझ्यासाठी लिहिलं होतं. पण वडिलांनी मला साताऱ्याच्या कचेरीत चिकटवून दिलं होतं आणि मी खुशीत होतो. मी पत्र खिशात घातलं आणि त्याला बोलावून घेतलं. आयुष्यातलं माझं तेवढं एक चांगलं काम, आणि त्याचंही मी पुढं काय केलं ते सांगायलाच बसलो आहे.

त्याला ती नोकरी किती हवी होती, ते त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. एरवी तो मोजकं बोलायचा. "लगीन होऊन सा वर्सं झाली, गड्या. कारभारणीला अजून दाराला कडी कशी लावत्यात ते ठावं न्हाई. दारच न्हाई तर कडी कुठली? आज ह्या रानात, उद्या त्या रानात. तीन दगडं मांडायची, सकाळी इस्कटायची. सांगलीत एक खोली घेतो. लहान आसंना का, पर कडी पायजे."

"तू विमान उडव," मी म्हणालो, "बोलायचं माझ्याकडे लागलं." मालकांपुढे त्याची बोली ऐकून कुणी नाक मुरडू नये, म्हणून बोलणारा मी. ठरलं ते एवढंच होतं.

विमान आम्ही आमच्या साताऱ्याच्या घराच्या माडीवर बांधलं. बांबूच्या कामट्या, पांगाऱ्याचं हलकं लाकूड, वरून लष्करानं विकायला काढलेल्या निकाली मालातलं पॅराशूटचं रेशीम. इंजिनाला रॉकेल, इथर आणि एरंडेल लागायचं. घरभर असा वास सुटायचा की बाळंतिणीच्या खोलीत कुणी स्टोव्ह भडकवला आहे असं वाटावं. बिनतारीला परवाना लागतो हे आम्हांला ठाऊक होतं. पण जुनं सरकार बोचकं बांधत होतं, नवं अजून खुर्चीत नीट टेकलं नव्हतं, आणि साताऱ्यात कोण काय उडवतं हे बघायला कुणाला सवड नव्हती.

पहिल्या दिवशी दुपारी आईनं जिन्याखालून हाक मारली, "तुझ्या गड्याचं पान ओसरीवर मांडलंय रे, त्याला जेवून घे म्हणावं." आमच्या घरात गडी म्हणजे पाणी भरणारा. तो माझा मित्र आहे, असं मी खाली जाऊन सांगायला हवं होतं. मी नुसतं "हो" म्हटलं आणि आत माझ्या पाटावर जाऊन बसलो. तो ओसरीवर जेवला आणि आपलं ताट आपण घासून गेला. दोन दिवसांनी त्यानं मला जिन्यातून "आरं गड्या" अशी हाक मारली तेव्हा आईला हसू आवरेना. "गड्यानं मालकालाच गडी म्हणायचं! नवीनच रीत काढलीस हं," ती म्हणाली. मीही हसलो. जिन्यात तो तारेचं वेटोळं घेऊन उभा होता. तो हसला नाही.

आता रिसीव्हरचं सांगतो. निकाली मालातल्या सुट्या भागांतून तो बांधायचे आम्हांला दोन मार्ग सापडले होते. एक मासिकातला: एकाच व्हॉल्व्हचा, म्हणजे रेडिओतल्या काचेच्या एकाच दिव्याचा, काडेपेटीच्या जोडीएवढा, पिसासारखा हलका. मी त्याच्या प्रेमात पडलो होतो. दुसरा त्यानं स्वतः जुळवलेला: दोन व्हॉल्व्हचा, जड, दिसायला गबाळा. आम्ही यवतेश्वराच्या वाटेवरच्या पठारावर जाऊन दोन्हींना सुकाणूची एकेक फळी जोडून जमिनीवर ठेवलं, आणि हुकूम पाठवायच्या यंत्राचं बटण घेऊन मी लांब लांब जाऊन तपासलं. माझा लांबूनसुद्धा झटकन ऐकायचा. त्याचा मी दोनशे पावलांच्या पुढं गेलो की कुरकुरायचा.

"बघ," मी म्हणालो.

"थांब वाईच," तो म्हणाला. थोड्या वेळानं घाटातून एक मालट्रक चढत वर आला. बटण माझ्या हातात होतं आणि मी त्याला हातही लावला नव्हता. तरी माझ्या रिसीव्हरची सुकाणूची फळी फडफडायला लागली. ट्रकच्या इंजिनात ठिणग्या पडतात, त्यांचाच आवाज तो आपल्याला हुकूम समजून घेत होता. त्याचा गबाळा रिसीव्हर ढिम्म बसून होता.

"किती लांबचं ऐकतो त्येला काय करायचं?" तो म्हणाला. "नको ते ऐकत न्हाई ना, तेवढं बघायचं. जत्रंत हर हाकंला वळून बघणारं कुत्रं मेंढराला न्हेत न्हाईत."

मी चिडलो. चूक दिसली की मी आधी चिडतो, मग मान्य करतो, आणि मग ती मला आधीपासूनच ठाऊक होती असं बोलायला लागतो. त्याचा रिसीव्हर ठरला.

दुसरं भांडण विजेवरून. सुकाणू ओढायला आम्ही एक छोटी मोटर लावली होती. आताची माणसं त्याला सर्व्हो म्हणतात. तो वेसण म्हणायचा, कारण बैलाला वळवते ती वेसणच. बटण दाबलं की मोटर सुकाणू डावीकडे ओढायची, सोडलं की स्प्रिंग ते परत न्यायची आणि विमान आपसूक उजवीकडे झुकायचं. एवढ्यावर सगळा कारभार. माझं म्हणणं, वजन वाचवायचं तर व्हॉल्व्ह तापवणाऱ्या सेलवरच मोटर चालवू. त्यानं वाद घातला नाही. तशी जोडणी करून दिली आणि म्हणाला, "दाब." मी बटण दाबलं. मोटरनं ओढ घेतली, सेलची ताकद तिकडे गेली, व्हॉल्व्ह थंडावले, रिसीव्हर बहिरा झाला, म्हणून मोटर सुटली. मोटर सुटली तशी रिसीव्हरला शुद्ध आली, त्यानं परत मोटरला हुकूम सोडला. सुकाणू कापडात अडकलेल्या चिमणीसारखं फडफडत राहिलं.

"भुकेला रेडा आन् तान्हं लेकरू एका पाटीत जेवाय बसवलंस गड्या," तो म्हणाला. "रिसीव्हरची चूल निराळी, वेसणीची निराळी."

मग त्यानं बॅटरीचे आपले दोन सेल आणले, फक्त वेसणीसाठी. वाढलेलं वजन भरून काढायला तो आठवडाभर वस्तऱ्याच्या पात्यानं शेपटीकडचा पांगारा तासत बसला. मी खाटेवर पडून मासिकं वाचत होतो. लोणंदच्या बाजूला एका उघड्या माळावर आम्ही विमान उडवलं तेव्हा पहिल्या फेरीत ते बाभळीत अडकलं, दुसरीत नाकावर आपटलं, आणि तिसऱ्या वेळी डावीकडे वळ म्हटलं की डावीकडे वळलं. त्यानं टोपी काढून हवेत फेकली. आम्ही दोघं त्या माळावर वेड्यासारखे ओरडलो. तेवढा आनंद मला नंतर कशाचाच झाला नाही, लग्नाचासुद्धा नाही. बायकोला मी ते एकदा सांगितलं आणि दोन दिवस उपाशी राहिलो.

सांगलीला आम्ही रेल्वेनं गेलो. विमानाचे पंख साडीत गुंडाळून त्यानं सातारारोडपासून मिरजेपर्यंत मांडीवर धरले होते. कराडला गर्दी चढली तेव्हा तो उभा राहिला आणि पंख डोक्यावर धरले. अंगात माझा सदरा होता, पायांत पलटणीचे बूट, काळेभोर चमकवलेले. मिरजेला गाडी बदलताना त्यानं विचारलं, "सांगलीत खोली मिळंल न्हवं कारखान्याजवळ?" मी म्हणालो, मामा बघून ठेवेल.

हरिपूरच्या वाटेवर गवत कापलेलं एक मोकळं रान होतं. मालक तिथं आपल्या मोटारीतून आले. पांढरा कोट, काळी टोपी, काठी. चेहऱ्यावरून माणूस शहाणा दिसत होता, आणि होताही. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलं होतं, कारण बंद केलं की ती मोटार लवकर सुरू होत नसे. मला घाटातला मालट्रक आठवला. तो मात्र गुडघ्यावर बसून शांतपणे तारा जोडत होता. आधी रिसीव्हरच्या सेलच्या, मग वेसणीच्या.

बटण त्यानं धरायचं आणि विमान मी सोडायचं, असं ठरलं होतं. आयत्या वेळी मी म्हणालो, "तुझा हात भक्कम आहे, तू सोड. बटण माझ्याकडे दे." त्यानं दिलं.

विमान उडालं. मी दाबलं, ते डावीकडे गेलं. सोडलं, उजवीकडे आलं. मोटार शेजारी धडधडत होती आणि त्याचा गबाळा रिसीव्हर तिचं काही ऐकत नव्हता. नदीच्या बाजूनं मोठा वळसा घेऊन विमान आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा मालकांनी मान इतकी मागं टाकली की टोपी पडली. इंधन संपल्यावर ते हळूच गवतात उतरलं. तो ते आणायला धावत गेला.

मालक माझ्याकडे वळले. "काय हो, आमची मोटार एवढी ठिणग्या उडवतेय, तरी तुमचं यंत्र बावचळलं कसं नाही?"

"रिसीव्हर किती लांबचं ऐकतो हे महत्त्वाचं नाही," मी म्हणालो, "नको ते ऐकत नाही, हे बघायचं."

"आणि सुकाणू ओढताना त्याचा दम कसा जात नाही?"

"रिसीव्हरची चूल वेगळी, सुकाणूची वेगळी."

ते मोठ्यानं हसले. "वा! हे तुमचं डोकं?"

मी हसून खाली बघितलं. अशा वेळी खाली बघणं म्हणजे विनय, असं समोरच्याला वाटतं. तेवढ्यात तो विमान छातीशी धरून परत आला आणि दोन पावलांवर उभा राहिला, घामाघूम, तोंडभर हसत. मालकांनी विचारलं, "आणि हा कोण?"

"आमचा गडी," मी म्हणालो.

शब्द तोंडातून निघाला तेव्हा माझ्या मनात कोणता अर्थ होता, यावर मी पुढची कितीतरी वर्षं स्वतःशी वकिली केली. आम्ही एकमेकांना गडीच म्हणायचो, मी त्याच अर्थानं म्हणालो, असं मी स्वतःला पटवून दिलं. एखादा दिवस ते पटायचं. पण मग खरा अर्थ मला मालकांच्या पुढच्या वाक्यावरून कळायला हवा होता, आणि तो कळला.

"मग तुमच्या गड्याला सांगा," मालक म्हणाले, "मोटारीत फिरकीचा तांब्या आहे, तेवढा आणायला. ऊन फार झालं."

अजून वेळ होती. एका वाक्याचं काम होतं. 'हा माझा मित्र, हे यंत्र याचंच.' बोलायचं माझ्याकडे लागलं होतं. सगळ्या बेतात तेवढं एकच काम माझं. मी त्याच्याकडे वळलो आणि म्हणालो, "जरा पाणी आण रे."

त्यानं विमान गवतावर ठेवलं. पंखाखाली टोपी सारली, रेशमाला काडी टोचू नये म्हणून. मग तो मोटारीकडे गेला, तांब्या आणला, फिरकी काढून मालकांच्या हातात दिला. ते वरून प्यायले. उरलेलं मी प्यायलो. त्याला कुणी विचारलं नाही.

मालक म्हणाले, "कचेरीत खर्डेघाशी कसली करताय? एक तारखेपासून माझ्याकडे या."

"येतो," मी म्हणालो. एवढं मात्र पटकन बोलता आलं.

मोटार गेली. तो विमानापाशी उकिडवा बसून तारा सोडवत होता. मी बडबडायला लागलो. सांगत होतो, की आधी मी आत शिरतो, मग महिन्या-दोन महिन्यांत तुला मदतनीस म्हणून घ्यायला लावतो, तू काळजीच करू नकोस, मालक चांगले आहेत. आयत्या बिळावर बसलेला नागोबा उंदराला भाड्यानं खोली देऊ करत होता. तो ऐकत होता की नाही कळेना. त्यानं रिसीव्हर पुसला, त्याचे सेल जागेवर ठेवले, झाकण लावलं. मग वेसणीचे दोन सेल काढून आपल्या खिशात टाकले.

"हे माझं हायती," तो म्हणाला. "बाकीचं तुमचं ऱ्हाऊ द्या, साहेब."

इतक्या वर्षांत तो मला 'तुमी' म्हणाला नव्हता. मी म्हणालो, "अरे, त्यांनी चुकीचं ऐकलं. तुला माहीत आहे मी कुठल्या अर्थानं—"

"त्यांनी बराबर ऐकलं," तो म्हणाला. "मीबी ऐकलं. आमच्या कानाला एवढं कुठं जमतंय, नको ते ऐकायचं न्हाई म्हून." मग त्यानं अंगातला माझा सदरा काढला, घडी घातली, पंखावर ठेवला, आणि नुसत्या बंडीवर मिरजेच्या दिशेनं चालत गेला. मी हाक मारायला तोंड उघडलं. पण कोणत्या शब्दानं मारू ते सुचेना, म्हणून मिटलं.

एक तारखेला मी रुजू झालो. मामानं कारखान्याजवळ खोली बघून ठेवलीच होती. खरं सांगायचं तर तिथलं माझं काम वाईट झालं नाही. पुस्तकातून बरंच शिकलो, आणि अडलं की त्यानं काय केलं असतं ते आठवायचो. मालक पाहुण्यांना सांगायचे, 'रिसीव्हरची चूल वेगळी, सुकाणूची वेगळी,' हे आमच्या या माणसाचं. लोक माना डोलवायचे. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा असायचो. मदतनिसाची जागा पुढच्याच वर्षी निघाली. त्याला पत्र घालायचं तर कुठल्या गावाला घालू, मेंढरं कुठं असतील कुणास ठाऊक, असं म्हणून मी घातलं नाही. त्याच्या गावाचं नाव पलटणीच्या कागदांवर मीच माझ्या हातानं लिहिलं होतं.

विमान खोलीच्या माळ्यावर पडून राहिलं. सेल बाजारात मिळत होते. कुठलेही दोन घालता आले असते. मी घातले नाहीत. खोलीच्या दाराला कडी होती. रोज संध्याकाळी ती आतून लावताना लोखंडाचा आवाज यायचा आणि मला राग यायचा, त्याचा. इतकं साधं माणसानं सोडून द्यावं, समजून घ्यावं, असं वाटायचं. खाई त्याला खवखवे. पण खवखव लपवायला आपण शिव्या दुसऱ्याला देतो.

दोनेक वर्षांनी, ते दशक संपता संपता, मी कामासाठी पुण्याला निघालो होतो. लोणंदला गाडी थांबली ती थांबलीच. इंजिनाला पाणी घ्यायचं होतं. स्टेशनच्या कुंपणापलीकडे मेंढरं बसली होती. एक बाई तीन दगडांवर भाकरी भाजत होती, पाठीशी एक लहान मूल बांधलेलं. आणि तिच्यापलीकडे, काठीवर हनुवटी टेकून, तो उभा होता. आमच्या दोघांमध्ये तारेचं कुंपण आणि वीसेक पावलं. पायांत तेच पलटणीचे बूट होते, आता मातीच्या रंगाचे.

मी खिडकीतून अर्धा बाहेर झुकलो. या वेळी मला शब्दाचा विचार करावा लागला नाही, तोच तोंडात आला. मी सगळ्या ताकदीनं ओरडलो, "गड्या!"

फलाटावरचा हमाल वळला. पाण्याचा पाइप धरलेला माणूस वळला. कुंपणाजवळ विड्या ओढत बसलेले दोघे वळले, आणि भाकरी थापता थापता त्या बाईनंही मान वर केली. तो मात्र मेंढरांकडे बघत उभा राहिला. एकदा त्याचा हात खिशाकडे गेला, बहुतेक तंबाखूसाठी. मग गाडी सुटली.